मापाचे ब्लाउज

“तब्येत बरी आहे ना हो तुमची? सांगितलेल्या तारखेच्या आधी ब्लाउज तयार?”

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातूनच विचारत होत्या. मी आतल्या खोलीत कॉलेजला निघण्यासाठी बुटाच्या नाड्या बांधत होते. बाहेरच्या खोलीत, मशीनपाशी, माझी आत्या होती.

“बरी आहे की,” आत्या म्हणाली. “हा घ्या नवा. आणि हा तुमचा मापाचा, तोही घेऊन जा.”

“मापाचा असू दे तुमच्याकडेच. दिवाळीला पुन्हा येणारच आहे मी डोकं खायला.”

“नको, न्या. तुमची वस्तू तुमच्या घरी बरी. नव्यात शिवणीच्या आत माया भरपूर सोडलीय. पुढं कधी घट्ट झालाच तर कुणाकडूनही उसवून घ्या.”

“कुणाकडूनही?” काकू हसल्या. “हे तुम्ही म्हणताय? थांबा, पर्वतीची टेकडी जागेवर आहे का बघून येते.”

आत्याही हसली. काकू जिना चढून गेल्या. मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि वाघोलीची बस धरायला स्वारगेटला निघाले. चालताना मला हलकं वाटत होतं. बरेच आठवडे कोमेजलेली आत्या पुन्हा झपाट्याने कामाला लागली होती. मी वडिलांना फोन करून सांगितलंसुद्धा, “पप्पा, आत्या आता बरी आहे.”

आत्या आज आहे, हे आधीच सांगते. हे लिहितेय तेव्हा ती बाहेर कुणाला तरी “परवा या” म्हणतेय आणि ते परवा कुठल्या आठवड्यातलं हे तिलाही माहीत नाही. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. माझा लागला होता तेवढा पुरे.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. पप्पा तिला आक्का म्हणतात. आम्ही लोणी काळभोरचे. मी तिथल्या इंग्रजी शाळेत शिकले आणि अकरावीच्या क्लाससाठी पुण्यात आत्याकडे आले, ती राहूनच गेले. पुढे कॉलेज मिळालं वाघोलीला, जे खरं तर लोणीहून जवळ पडलं असतं. पण तोवर घरात ठरून गेलं होतं, “आक्काला सोबत हाय, पोरगी तिथंच राहू दे.” आत्याचे यजमान मी लहान असतानाच वारले. मूलबाळ नाही. दोन खोल्या, एक मशीन, आणि अख्ख्या सोसायटीच्या बायकांचे ब्लाउज.

मी फारशी बोलणारी नव्हते. शाळेत इंग्रजीत उत्तरं देता यायची, पण घरी मराठीत मनातलं सांगायची वेळ आली की शब्द पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. आत्या मला “इंग्रजी शाळा” म्हणायची. “इंग्रजी शाळा, चहा टाक.” “इंग्रजी शाळा, आज तोंड का असं?” मी खांदे उडवायचे. “बरं, लेखी परीक्षेत सांग,” म्हणून ती पुन्हा मशीनकडे वळायची. तिने कधी खोदून विचारलं नाही, म्हणूनच मला तिथे राहणं आवडायचं.

बोलत नसले तरी मी बघायचे खूप. आत्याच्या मशीनमागे खुंटीला एक मोठं गाठोडं टांगलेलं असायचं. त्यात गिऱ्हाइकांचे मापाचे ब्लाउज. प्रत्येकीचा एकेक जुना, अंगाला नेमका बसणारा ब्लाउज आत्या स्वतःकडे ठेवून घ्यायची, म्हणजे नवा शिवताना पुन्हा माप नको. त्यांना टाचलेल्या चिठ्ठ्यांवर नावं नसायची. ‘डावा खांदा उतरता.’ ‘गळा मोठा सांगते, लहान शिवावा.’ ‘ऑपरेशननंतर उजवीकडे सैल.’ कुणाचं वजन वाढलं, कुणी खंगली, हे तिला नवऱ्यांच्या आधी कळायचं. “अर्धा इंच सोडलाय,” ती मला हळूच सांगायची, “पण तिला बोलू नकोस. तिला वाटू दे, आहे तेवढीच आहे.”

आणि तिच्या तारखा. गुरुवार सांगितला की गुरुवारी हुक बाकी असायचे. बायका दारात येऊन टोमणे मारायच्या. “लग्नाला घालायचा होता हो, आता बारशाला घालते.” आत्या उलट ऐकवायची, “बारशापर्यंत अंग वाढेल, आत्ताच सोडून ठेवते.” दिवसातून एकदा तरी असं भांडण व्हायचं आणि ते झालं की दोघी खूश दिसायच्या. आपण शिवलेल्या ब्लाउजला दुसऱ्या कुणी हात लावलेला मात्र तिला खपायचा नाही. एकीने कोपऱ्यावरच्या टेलरकडून बाही उसवून आणली, तर आत्याने आठवडाभर तिच्याशी फक्त मानेने बोलणं केलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा यातलं एकेक बंद पडत गेलं. आधी मशीनशेजारी दिवसभर चालणारा रेडिओ. मग चहा. ती चहा करायची, कप मशीनवर ठेवायची, आणि संध्याकाळी मी परत यायचे तेव्हा तो तिथेच असायचा, वर साय धरलेला. भाजीत मीठ दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही, आणि ती न कळता जेवायची. पहाटे अंधारातच मला तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा. भांडणं थांबली. कुणी उशिराबद्दल बोललं की ती म्हणायची, “चुकलंच माझं.” हे ऐकून बायका गोंधळायच्या. टोमणा तसाच हातात राहून गेल्यासारख्या निघून जायच्या.

पप्पांना मी फोन केला होता. “पप्पा, आत्याला डिप्रेशन आलंय असं वाटतंय मला.”

“काय आलंय?”

“म्हणजे उदास असते. फार.”

“अगं, तिला काय कमी हाय? घर हाय, मशीन हाय, तू हायेस सोबतीला. वाटतं कधीमधी माणसाला. रविवारी वांगी घेऊन येतो, भरीत करा.”

पप्पा आले, वांगी घेऊन. बहिणीशेजारी दोन तास बसून त्यांनी गावातल्या सगळ्या म्हशींची खबर सांगितली. जाताना मला जिन्यात म्हणाले, “लेकी, हसली बघ एकदा.” त्यांनी मोजून ठेवलं होतं, एकदा. माझ्या वडिलांचं प्रेम असं असतं. ते वांग्यातून येतं आणि समोर काय चाललंय ते त्यालाही दिसतं, फक्त त्याला नाव देता येत नाही.

नाव माझ्याकडे होतं. दहावीत असताना शाळेत एक मॅडम प्रोजेक्टर घेऊन आल्या होत्या. डिप्रेशन म्हणजे काय, ते आळस किंवा नाटक नाही, आजार आहे, तो बरा होतो, आणि उपचाराविना वाढला तर माणसाला जगणंच नको वाटू शकतं, असं सगळं त्यांनी इंग्रजीत समजावलं. शेवटी धोक्याच्या खुणांची यादी होती. त्यात एक ओळ होती, आवडत्या वस्तू वाटून टाकणे. तिच्याशेजारी चित्र होतं: एक मुलगा मित्राला गिटार देतोय. आम्हाला सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं. माझं अजून फाइलमध्ये आहे.

या विषयावर मराठीत माझ्या कानावर फक्त दोनच वाक्यं आली होती. मी आठवीत असताना लोणीतल्या आमच्या गल्लीतल्या एका ताईने जीव दिला. ती माझी वेणी घालायची कधीकधी. सगळी गल्ली एकमेकांना एकच विचारत होती, “कशाची कमी होती?” उत्तर सापडेना, म्हणून मग लोकांनी एक तयार केलं आणि तेच पुढे चालवलं. मी आईला ताईबद्दल विचारलं तर ती म्हणाली, “त्याचं नाव काढू नये.” मी काढलं नाही. माझी अशी समजूत झाली की हा शब्द उच्चारला की तो आजूबाजूच्यांना लागतो.

म्हणून आत्याला काही विचारायचं धाडस मला होईना. विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलं तिथे गेलं तर? एकदा बसमध्ये मी फोनवर इंग्रजीत प्रश्न लिहून त्याचं मराठी करून घेतलं. आलं ते असं: ‘तुमच्या मनात आपले जीवन संपुष्टात आणण्याबाबत विचार उद्भवत आहेत का?’ हे आत्याला वाचून दाखवलं असतं तर तिने “फॉर्म कुठाय? सही कुठं करू?” असं विचारलं असतं. मी ते पुसून टाकलं.

आणि मग अचानक ती बरी झाली. म्हणजे मला तसं वाटलं. एका सोमवारी तिने अडकून पडलेले सगळे ब्लाउज काढले आणि एकामागून एक शिवायला घेतले. चेहरा शांत. आवाज मऊ. तारखेच्या आधी कामं तयार होऊ लागली. त्यासोबत प्रत्येकीला तिचा मापाचा ब्लाउज परत, तोही धुऊन, इस्त्री करून, सुटलेला हुक लावून. सोसायटीत कौतुक सुरू झालं. “शिस्त लागली एकदाची.” “नाहीतर आमच्या जुन्या ब्लाउजचं दर्शनच नव्हतं पाच वर्षं.” दुसऱ्याची वस्तू वेळेत आणि नीट परत करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या पेठांत नि सोसायट्यांत फार आदर असतो. त्या आदरात आम्ही सगळे फसलो. मीही. मी गिटार शोधत होते. आत्याकडे गिटार नव्हती. तिच्याकडे होते ते दुसऱ्यांचे ब्लाउज.

काकूंच्या त्या विनोदानंतरचा शनिवार. मला शनिवारीही प्रॅक्टिकल होतं. सकाळी आंघोळ करून आले तर खुंटीवर गाठोडं नव्हतं. त्याची चादर घडी घालून मशीनवर ठेवली होती.

“गाठोडं कुठाय?” मी विचारलं.

“संपले सगळे. कालच शेवटचा दिला.” आत्या माझा डबा भरत होती. “आता एकच माप राहिलंय. तुझं. किती वर्षं म्हणतेय, देत नाहीस.”

हे खरं होतं. मी साडी नेसत नव्हते, आणि कुणी टेप लावून आपल्याभोवती फिरावं ही कल्पनाच मला नको वाटायची. आत्या दर दिवाळीला विचारायची, मी दर दिवाळीला पळायचे.

“माझी ती जांभळी साडी काढून ठेवलीय तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “लग्नातली. त्यातलाच ब्लाउजपीस आहे अजून. संध्याकाळी लवकर ये.”

मी “हं” म्हटलं आणि निघाले.

स्वारगेटला बस उभी होती. माझ्या पुढे सात-आठ जण चढायचे होते. रांगेतली एक बाई मुलाला रागवत होती, “तुझं तुझ्या हाताने दिलंस ना त्याला? मग आता रडतोस कशाला?” त्या क्षणी मला शाळेतल्या प्रोजेक्टरवरची ती ओळ आठवली. आवडत्या वस्तू. मग जांभळी साडी आठवली. मग ‘कुणाकडूनही उसवून घ्या.’ कुणाकडूनही. आपण नसू तेव्हा कुणीतरी लागेलच ना उसवायला.

कंडक्टर म्हणाला, “ताई, चढताय की नुसतीच सावली करताय?”

मी रांगेतून बाहेर पडले. मागे वळले आणि चालत सुटले. मध्ये मध्ये पळाले.

पुढचं सांगण्याआधी त्यानंतरचं थोडं सांगते, कारण ते मला नीट सांगता येतं. आत्याने मला काय काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. मी घरी जाऊन जे विचारलं त्याचं उत्तर द्यायला तिने वेळ घेतला आणि ते उत्तर ‘हो’ होतं, एवढं लिहायला तिची परवानगी आहे. त्या दिवसभर मी तिला एकटं सोडलं नाही. दुपारी पप्पा आले, या वेळी वांगी न घेता. रिक्षात आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. डॉक्टरांच्या खोलीत पप्पांनी विचारलं, “पण साहेब, कारण काय? आम्ही कुठं कमी पडलो?” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही कमी पडला नाहीत. एखाद्याची साखर वाढली तर घरचे कमी पडले असं म्हणतो का आपण? याला एकच कारण नसतं. कधी दुःख असतं, कधी शरीर, कधी दोन्ही. आजार माणसाला पटवून देतो की आपण नसलो तर सगळ्यांचं सोपं होईल. ते आजार बोलतो, त्या नाहीत.” मग मी माझी जुनी भीती सांगितली. ते म्हणाले, “विचारल्याने विचार येत नाही. आधी असेल तर तो सांगायची सोय होते.” पप्पा मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर ते आत्याला म्हणाले, “आक्का, तू नसलीस तर माझं सोपं हुईल असं वाटलंच कसं तुला? मला तुझ्याशिवाय शिव्या कोण देणार?”

“वहिनी आहे की,” आत्या म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, पण तो तिचा आवाज होता.

गोळ्यांना आठवडे लागले. मध्ये एकदा डोस बदलावा लागला, आणि एकदा ती म्हणाली की काही उपयोग नाही, मी जात नाही आता. गेलो आम्ही. पप्पा दर बुधवारी यायचे. डॉक्टरांनी दिलेला हेल्पलाइनचा नंबर अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे, दुधाच्या हिशेबाच्या वर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आत्याने स्वतःच सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग वर गेल्या, आपला मापाचा ब्लाउज घेऊन खाली आल्या आणि मशीनवर आपटला. “हा इथेच राहील,” म्हणाल्या. “आणि पुन्हा वेळेवर शिवलात तर मी पोलिसात जाईन.”

पुष्कळ नंतर, बॉबिन भरत असताना, आत्या मला म्हणाली होती, “खालचा दोरा संपला ना, की वरून कळत नाही बघ. मशीन चालतं, सुई वरखाली होते, आवाजही तोच. कापड उचललं की दिसतं, टाकाच पडलेला नाही. तसं होतं माझं. मी शिवतेय असं सगळ्यांना वाटायचं.” एवढं बोलून तिने बॉबिन आत बसवली. डिप्रेशनबद्दल मला शाळेत कळलं त्याहून जास्त तेव्हा कळलं.

तर तो शनिवार. मी धापा टाकत घरी पोचले. आत्या खिडकीशी बसली होती, हात मांडीवर.

“काय गं, काही विसरलीस?”

“हो.”

“बरं झालं आलीस. चल, माप तरी देऊन जा.”

ती उठली. गळ्यात टेप होता. मला तिने आरशासमोर उभं केलं. तो आरसा छोटा, भिंतीवर उंच लावलेला. त्यात मला माझा चेहरा दिसत होता आणि मागे आत्याच्या केसांचा भांग. एरवी ती मापं पुकारायची आणि मी वहीत लिहायचे. आज लिहायला कुणी नव्हतं. ती नुसतीच पुटपुटत होती. खांदा. पाठ. बाही. तिची बोटं थंड होती आणि फार जपून लागत होती, जणू मी काचेची आहे.

“हात खाली सोड,” ती म्हणाली. “आणि श्वास सोड की गं. पोट आत ओढून उभी राहिलीयस. मला खोटं माप देऊ नकोस.”

मी श्वास सोडला. टेप कमरेभोवती आला. टोकं पुढे जुळवायला तिने मागूनच दोन्ही हात पुढे आणले, आणि क्षणभर ती माझ्या पाठीला टेकून थांबली. आकडा तिने पुकारला नाही. मला वाटलं, तिचं तोंड दिसत नाहीये तेच बरं आहे. माझंही तिला दिसत नाहीये. इंग्रजीतलं वाक्य आठवत होतं, फोनमधलं मराठी आठवत होतं, आणि दोन्ही चालणार नव्हती. वेणी घालणाऱ्या त्या ताईला कुणी विचारलं होतं का, हे मला माहीत नव्हतं. मी टेपवरच्या तिच्या हातांवर माझे हात ठेवले आणि म्हणाले,

“आत्या, तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय का? खरं सांग मला. मी आज कुठेही जात नाहीये.”